नाउन ओळखायचा कसा? पोलादपूर ते महाड, एसटीतला धडा

इअरफोन लावा, एसटीत असाल तर खिडकीची जागा पकडा. आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढच्या भागावर उडी मारतील. विषय आहे इंग्रजीतले पार्ट्स ऑफ स्पीच आणि नाउनचे प्रकार. पण थांबा. आधी माझी एक चूक सांगतो, मग ठरवा.

मी पोलादपूर तालुक्यातला, मराठी माध्यमाचा. शाळेत "व्हॉट इज अ नाउन?" विचारलं की झोपेतसुद्धा उत्तर द्यायचो, "अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग." मार्क पूर्ण. पुढे महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो. शिफ्ट संपली की रजिस्टरमध्ये इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या. एका पहाटे मी पंपाला तेल घातलं आणि लिहिलं, "ऑइल पंप". बस, दोन शब्द. सकाळच्या शिफ्टच्या दादांनी वाचलं, "पंपाला तेल घाल." त्यांनी परत घातलं. तेल ओसंडून फरशीवर आलं आणि एक हेल्पर घसरला. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. तो रोजंदारीवर होता. काम बंद म्हणजे पगार बंद. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता ते दोन शब्द बघा. "ऑइल पंप" म्हणजे तेलाचा पंप, एका यंत्राचं नाव. तेच दोन शब्द म्हणजे "पंपाला तेल दे", एक हुकूम. मला म्हणायचं होतं तिसरंच, "ऑइल्ड द पंप", म्हणजे तेल घालून झालं. ऑइल हा शब्द नाउन आहे का? आहे. व्हर्ब आहे का? तोही आहे. शब्दाच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. तो वाक्यात कुठे बसलाय आणि काय काम करतोय, त्यावर त्याची जात ठरते. माझ्या पाठ केलेल्या व्याख्येत हेच नव्हतं.

आपण मराठी मुलं इथेच का अडखळतो? पार्ट्स ऑफ स्पीच आपल्याला नवे नाहीत. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. इंग्रजीत आठ, मराठीतही आठ. हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. म्हणजे इंग्रजीतली ही खणांची पेटी तुम्ही शाळेत मराठीतून आधीच उघडलेली आहे.

फरक आहे तो कामाची खूण कुठे असते त्यात. आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथलंच. "तानाजींनी कोंढाणा घेतला" म्हणा किंवा "कोंढाणा तानाजींनी घेतला" म्हणा, अर्थ तोच. कारण "नी" हा प्रत्यय नामाला चिकटलेला आहे, नाम कुठेही हललं तरी तो सोबत जातो. इंग्रजीत "तानाजी टुक कोंढाणा". उलटं करा, "कोंढाणा टुक तानाजी". म्हणजे कोंढाण्याने तानाजींना नेलं! तसं बघितलं तर तेही खरंच, ते तिथेच पडले. पण वाक्य वेगळं झालं. मराठीत नामाचं काम प्रत्यय सांगतो, इंग्रजीत जागा सांगते. "पंपाला" मधला "ला" इंग्रजीत नाही, म्हणून माझे दोन शब्द उघडे पडले.

चला, आता नाउनचे पाच प्रकार. पोलादपूर स्टँडवरून महाडची गाडी पकडू, विसेक किलोमीटरचा रस्ता आहे.

पहिला, प्रॉपर नाउन, विशेषनाम. पोलादपूर, महाड, सावित्री, रायगड. एकाच गोष्टीचं ठरलेलं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल. दुसरा, कॉमन नाउन, सामान्यनाम. नदी, गाव, किल्ला. सावित्री प्रॉपर, रिव्हर कॉमन. गंमत बघा, पोलाद हा धातू, पण पोलादपूर म्हटलं की गाव. चवदार हे विशेषण, पण चवदार तळे म्हटलं की सगळं मिळून एक विशेषनाम.

तिसरा, कलेक्टिव्ह नाउन, समूहाचं नाव. गुरांचा कळप, केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा. इंग्रजीत हर्ड, बंच, टीम. आत माणसं अकरा असली तरी टीम एक, म्हणून आपल्याकडे शिकवतात "द टीम इज रेडी".

चौथा, मटेरियल नाउन, ज्या पदार्थापासून वस्तू होतात तो. स्टील, वॉटर, राइस, मड. यावर जरा थांबू, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 2021 च्या जुलैमध्ये महाडात पूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळ काढावा लागला. आपण "दोन गाळ काढले" म्हणतो का? नाही. "दोन घमेली गाळ काढला" म्हणतो. म्हणजे गाळ मोजत नाही, घमेली मोजतो. इंग्रजीतही हेच, "टू बकेट्स ऑफ मड". पूर मात्र मोजता येतो, "अ फ्लड", "टू फ्लड्स". माहितीचं अनेकवचन "माहित्या" आपण करत नाही, तसंच "इन्फर्मेशन्स" करायचं नाही. इथपर्यंत आपला कान मदत करतो.

पण काही ठिकाणी तोच कान फसवतो. आपण "सल्ले" म्हणतो, इंग्रजीत "ॲडव्हाइसेस" चालत नाही. आपण "तांदूळ महागलेत" म्हणतो, इंग्रजीत "राइस इज". आपले केस पांढरे होतात, तिकडे "हेअर इज". हे तीन शब्द आजच लिहून ठेवा.

पाचवा, ॲबस्ट्रॅक्ट नाउन, भाववाचक नाम. हाताला लागत नाही ते. आता आपण महाडात उतरलोय, चवदार तळ्यावर. तळं कॉमन नाउन, पाणी मटेरियल नाउन आणि हक्क ॲबस्ट्रॅक्ट नाउन. तळं सर्वांना खुलं, असा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. पण हक्क हे नाम कागदावरच राहिलं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नामाला क्रियापद लागलं. इंग्रजीत हक्काला "राइट" म्हणतात. "राइट हँड" मध्ये तोच शब्द विशेषण, "राइट टू वॉटर" मध्ये नाम. पुन्हा तेच. शब्द एक, जागा बदलली की काम बदललं.

म्हणून नाउन दिसला की "प्रकार कोणता" हे नंतर विचारा. आधी विचारा, हा इथे काय करतोय? मग विचारा, हा मोजता येतो का? या दोन प्रश्नांत अर्धं व्याकरण सुटतं.

आजचा गृहपाठ. बाजारातून जाताना इंग्रजीतली एक पाटी वाचा आणि तिच्यातला प्रत्येक शब्द काय काम करतोय ते सांगा.

तो हेल्पर बरा झाला, कामावर आला. मी आता रजिस्टरमध्ये पूर्ण वाक्य लिहितो, "आय ऑइल्ड द पंप ॲट 5.30." जागा थोडी जास्त लागते. लागू दे.

भेटू पुढच्या भागात, प्रोनाउन घेऊन. काळजी घ्या!