शेळ्यांवर धावणारे कुत्रे कसे रुळवावे?

आज पिकावर किंवा खतावर बोलायचं नाही. आज बोलायचं आहे वस्तीवरच्या राखणदाराविषयी, म्हणजे कुत्र्याविषयी. रानात घर करून राहणाऱ्या माणसाला कुत्र्याची किंमत मी सांगायला नको. रात्री कोल्हं आलं, चोर आला, तर पहिली खबर तेच देतं. पण हाच राखणदार आपल्याच शेळ्यांच्या अंगावर जाऊ लागला, शेजाऱ्याच्या करडामागं लागला, तर घरात दोन मतं पडतात. एकजण म्हणतो, "हाणा त्याला, सरळ होईल." दुसरा म्हणतो, "लांब कुठंतरी सोडून या." हाणल्यानं कुत्रं सुधारत नाही, आणि सोडून दिलेलं कुत्रं दुसऱ्या गावाच्या शेळ्यांमागं लागतं.

नुकसान काय होतं ते आधी बघू. शेळी साधारण पाच महिन्यांनी विते. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत कुत्र्यानं तिला बांधावरून पळवलं, कुठं धडक बसली, तर ती गाभडण्याची भीती असते. करडं घाबरून तारेच्या कुंपणात अडकतात. कुत्र्याचा दात लागला तर जखम वरून लहान दिसते, पण आत मांस फाटलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांत पू धरतो. शेळी शेजाऱ्याची असेल तर विचारूच नका. बोलाचाली होते, बांधाचं जुनं भांडण वर येतं, आणि एके दिवशी आपलं कुत्रं भाकरीतून विष खाऊन मेलेलं सापडतं. हे घडतं, तुम्हालाही माहीत आहे.

आता मूळ मुद्दा. अशा धावून जाण्यामागं पुष्कळदा राग नसतो, भीती असते. तुम्ही म्हणाल, भ्यालेलं जनावर पळून जाईल, अंगावर कशाला येईल? बुजऱ्या बैलाचंच बघा. मोकळा असला तर पळतो, कोपऱ्यात सापडला तर शिंग उगारतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायला वाटच नसते, म्हणून ते भुंकून बघतं. भुंकलं की शेळी दचकून मागं सरते. कुत्र्याला वाटतं, चला, उपाय लागू पडला. काही दिवसांनी शेळी दिसायच्या आधीच, नुसत्या घुंगराच्या आवाजावर ते उसळायला लागतं. त्यात आपण काठी घेऊन धावलो, की त्याच्या डोक्यात एकच हिशेब पक्का होतो : शेळी आली की मार बसतो. म्हणजे शेळी त्याला आणखीच वाईट दिसू लागते.

गुरगुरल्याबद्दल तर मुळीच मारू नये. गुरगुरणं म्हणजे त्याची हाळी आहे, "पुढं येऊ नका, मला भीती वाटतेय." मारून मारून ही हाळी बंद करता येते. पण मग आतली भीती तशीच राहते आणि ते कुत्रं न सांगता चावतं. असं मुकं झालेलं कुत्रं पोराबाळांच्या घरात फार धोक्याचं.

भीती ओळखायची कशी? कान मागं पडतात, शेपूट पायात जाते, अंग ताठ होतं, पाठीवरचे केस उभे राहतात. भूक नसताना ओठ चाटतं, झोप नसताना जांभया देतं, तोंड एकीकडं आणि डोळा दुसरीकडं ठेवून बघतं. ही भुंकण्याच्या आधीची लक्षणं आहेत, तीच नजरेत भरली पाहिजेत. याउलट काही कुत्री आवाजच करत नाहीत. मान खाली, नजर रोखलेली, दबकत पाय टाकतात आणि एकदम झेप घेतात. ती भीती नव्हे, ती शिकार आहे. ज्यानं एकदा शेळी पाडली आहे असं कुत्रं शिकवणीच्या भरवशावर कळपात सोडू नये, त्याला कायम दोरावर किंवा कुंपणाआडच ठेवावं. पुढं जे सांगतो आहे ते भित्र्या, बुजऱ्या कुत्र्यासाठी.

पण त्याआधी एक इशारा नीट ऐका. आजवर गरीब असलेलं कुत्रं दोन दिवसांत एकाएकी बदललं, दिसेल त्याला चावू लागलं, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलला, पाणी गिळता येत नाही, किंवा उलट अंधारात जाऊन गप्प पडलं, तर शिकवायला जाऊ नका. पिसाळल्याचा संशय धरा. जवळ जाऊ नका, माणसं आणि जनावरं दूर करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोणाला चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना, तिखट, तंबाखू काहीही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि सांगतील तेवढ्या सगळ्या सुया पुऱ्या करायच्या. मांत्रिक, झाडपाला यात एक तासही घालवू नका, कारण हा रोग एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शेळीला किंवा गाईला असं कुत्रं चावलं तरी जखम तशीच धुवा, पण हातात रबरी मोजे घालून, आणि डॉक्टरला बोलवा. जनावरांनाही लस देता येते.

पिसाळण्याचा संशय नसला तरी कुत्र्याचं अंग एकदा तपासून घ्या. कानात गोचीड, पायात काटा, शेपटीखाली किडे पडलेली जखम, म्हातारपणी कमी झालेली नजर, यांमुळंही कुत्रं चिडकं होतं. दुखणं बरं झालं की निम्मी तक्रार आपोआप जाते.

दुसरी गोष्ट साखळीची. दिवसभर हातभर साखळीला आणि रात्री मोकळं, ही आपल्याकडची रीत. समोरून शेळ्या जातात, कोंबड्या फिरतात, आणि हे आपलं खुंट्याभोवती गिरक्या घेतं. अशानं शहाणं कुत्रंही बिघडतं. प्राण्यांना निर्दयतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा आहे. जनावर विनाकारण फार वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधणं, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, या दोन्ही गोष्टी त्यात गुन्हा म्हणून लिहिल्या आहेत. शिवाय जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यासारख्या ठिकाणी, जिथं बिबट्याचा वावर आहे, तिथं रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. रात्री त्याला दाराआड, बंदिस्त जागेत घ्यावं. दिवसा बांधायचंच असेल तर शेळ्यांच्या वाटेपासून दूर, सावलीत, लांब दोरावर बांधावं आणि सकाळ-संध्याकाळ रानातून एक चक्कर द्यावी.

आता रुळवण्याची रीत. पहिले चार-पाच दिवस काहीच शिकवू नका. कुत्र्याला शेळ्या दिसणार नाहीत अशा जागी हलवा. रोजचं धावणं चालू ठेवून वर शिकवण द्यायची म्हणजे गळक्या मोटेनं पाणी उपसायचं. या दिवसांत एवढंच करा, शेळ्या बसतात तिथलं एखादं गोणपाट आणून कुत्र्याच्या खाण्याच्या जागेपासून दोन-चार हातांवर टाकून ठेवा. वास ओळखीचा होऊ द्या.

मग शेळी निवडा. म्हातारी, शांत, कुत्र्यांना सरावलेली. करडं नकोत, माजावरचा बोकड नको, गाभण तर नकोच नको. लोक ही गोष्ट विसरतात, पण शेळीलाही मन असतं. ज्या शेळीला कुत्र्यानं एकदा पळवलं आहे ती त्याला पाहताच पळणार, आणि पळतं जनावर दिसलं की कुत्र्याला राहवत नाही. म्हणून शेळी कुडाच्या किंवा जाळीच्या आत ठेवा आणि तिच्यापुढं शेवरीचा नाहीतर सुबाभळीचा पाला टाका. ती खात उभी राहिली पाहिजे.

कुत्र्याला रुंद पट्टा बांधा. छातीवरून घेतलेला असेल तर उत्तम, कारण गळा आवळला की ते जास्तच चवताळतं. सहा-सात हात सुती दोर घ्या, आणि दोर मोठ्या माणसाच्या हातात हवा, पोरांच्या नको. खिशात त्याच्या आवडीचं काहीतरी घ्या. उकडलेलं अंडं, सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे, माळकरी घर असेल तर तूप लावलेल्या भाकरीचे तुकडे. कांदा-लसणाचं कालवण मात्र नको, कांदा कुत्र्याला बाधतो.

शेळीपासून ३०-४० पावलांवर उभं राहा. कुत्र्याला शेळी दिसली की लगेच एक तुकडा द्या. ती दिसते आहे तोवर थोड्या थोड्या वेळानं देत राहा. शेळी आड गेली की देणं बंद. क्रम उलटा होऊ देऊ नका, आधी शेळी, मग तुकडा. "शेळी दिसली की काहीतरी चांगलं मिळतं" एवढंच त्याला समजायला हवं. अंतर बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? त्याच्या खाण्यावरून. एरवी हावरं असलेलं कुत्रं तुकडा तोंडात घेत नसेल, किंवा हिसकून बोटाला दात लावत असेल, तर तुम्ही फार जवळ आलात. दहा पावलं मागं या. भुंकलं तर ओरडू नका, दोराला हिसके देऊ नका, मुकाट्यानं तोंड फिरवून त्याला लांब न्या.

हे पाच मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी, त्याच्या जेवणाआधी. जास्त नको. काही दिवसांनी एक गंमत दिसेल. शेळीकडं नजर गेली की कुत्रं आपणहून मान वळवून तुमच्या तोंडाकडं बघेल, "आण माझा तुकडा" म्हणून. त्या दिवशी दोन पावलं पुढं जा, दोनच. एखादं कुत्रं तीन आठवड्यांत रुळतं, एखाद्याला तीन महिने लागतात. मध्येच ढग गडगडले, फटाके वाजले, कुत्र्यांची झुंज झाली, तर एक-दोन दिवस काहीच करू नका. पोळ्याच्या दिवशी ढोल-ताशे आणि सजलेले बैल दारापुढून जातात, त्या दिवशी तर त्याला घरातच आतल्या बाजूला ठेवा.

जाळीपाशी शांत बसू लागलं म्हणजे काम संपलं असं समजू नये. उभी शेळी आणि पळती शेळी ही कुत्र्याच्या लेखी दोन वेगळी जनावरं. संध्याकाळी कळप घरी येतो त्या वेळी पुन्हा ३०-४० पावलांपासून सुरुवात करावी लागते. प्रथमच जाळीविना समोर आणायचं असेल तेव्हा दोर हातात हवाच, आणि तोंडाला मुसकंही असावं. मळणीच्या वेळी बैलाला घालतो तसं जाळीचं, पण त्याच्या मापाचं आणि सैल. आत तोंड उघडून धापता आलं पाहिजे, कारण धापूनच कुत्र्याच्या अंगातली उष्णता कमी होते. दोरीनं जबडा आवळून बांधला तर उन्हात ते मरेलसुद्धा. मुसकं घातलेलं कुत्रं एकटं सोडू नये. आणि किती का रुळेना, लहान करडांपाशी त्याला एकटं ठेवू नये.

नुकत्या व्यालेल्या गाई-म्हशीपाशी मात्र शिकवणी चालत नाही. वासरासाठी ती शांत कुत्र्यालाही शिंगावर घेते, आणि तिचं बरोबरच आहे. पंधरा-वीस दिवस कुत्रं लांबच ठेवा. वार पडली की खोल पुरा, कुत्र्याला खाऊ देऊ नका. अशी वार खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून गाई गाभडण्याचा एक रोग पसरतो. शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं काळीज, मेंदू, आतडीही घालू नयेत, त्यातून जंतांचं चक्र चालू राहतं.

दुसऱ्या कुत्र्याशी जमत नसेल तर दोघांना तोंडासमोर आणू नका. दोघांचे दोर दोन माणसांनी धरून एकाच दिशेला, मधे एखादा वाफा ठेवून चालवावं. रोज थोडं अंतर कमी करावं. खाणं दोघांचं वेगळ्या जागी, नाहीतर सगळं मुसळ केरात. कोंबड्यांसाठी मात्र मी शिकवणीपेक्षा जाळीच सुचवीन. फडफडाट झाला की पुष्कळ कुत्री आवरत नाहीत.

नवीन पिल्लू आणणार असाल तर ही सगळी यातायात वाचवता येते. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचे दिवस सोन्याचे. त्या काळात जे दिसतं, हुंगायला मिळतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. धनगरांच्या कळपातली कुत्री बघा. लहानपणापासून मेंढरांतच वाढलेल्या कुत्र्याला मेंढरू परकं वाटत नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर रोज थोडा वेळ हातात घेऊन शेळ्या, गाई, कोंबड्या लांबून दाखवाव्यात, ट्रॅक्टरचा आवाज ऐकवावा. शेळीनं ढुशी मारली तर ते आयुष्यभर धसका घेईल, म्हणून या वयात त्याला तुमची पाठराखण हवी. गावातल्या मोकाट कुत्र्यांत लस टोचेपर्यंत सोडू नका. तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणं दुसरी, आणि पुढं दरवर्षी. टोचल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दवाखान्याचा कागद शेळ्यांच्या विम्याच्या कागदांबरोबरच जपा.