दबलेली नस : उपचारापूर्वी निदान



वसईच्या वाड्यांत दिवसभर वाकून पालेभाजी खुडणारा शेतकरी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर डोक्यावरून मासळीची पाटी वाहणारी कोळीण आणि विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर गर्दीत उभ्याने कापणारा नोकरदार, या तिघांनाही मान व कंबर यांचे दुखणे परिचयाचे असते. हे दुखणे हातात किंवा पायात उतरले, की ‘नस दबली’ असे म्हटले जाते.

पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. दोन मणक्यांमधील चकती सरकली, अथवा वयोमानानुसार तेथे हाड वाढले, तर लगतचा मज्जातंतू दाबला जातो. मानेत असे घडल्यास हातास आणि कंबरेत घडल्यास पायास कळा, मुंग्या व बधिरपणा येतो. ‘मणक्यात गॅप पडली’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी चकती झिजल्याने मणक्यांमधील अंतर वस्तुतः कमी होत असते.

लचक भरली असता पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची किंवा हाडवैद्याकडे जाण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. आता शहरांतून कायरोप्रॅक्टिक ही पद्धतीही परिचित होत आहे. अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये तिचा पाया घातला. हाताने नेमका झटका देऊन मणक्यांचे सांधे मोकळे करणे, हे तिचे मुख्य तंत्र होय. त्या वेळी होणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्यामुळे येतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षण व व्यायाम यांबरोबर या तंत्राचाही समावेश केला आहे. मात्र नस दबून हातापायांतील शक्ती कमी होत असेल, तर निदानाआधी असा झटका घेणे धोक्याचे ठरते. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणेही, विरळ असली तरी, नोंदली गेली आहेत.

चकती सरकलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत बरे होतात. त्यासाठी अंथरुणास खिळून न राहता बेताची हालचाल, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक औषध आणि नोंदणीकृत भौतिकोपचार तज्ज्ञाने शिकविलेले व्यायाम उपयुक्त ठरतात. परंतु लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे, अथवा दुखण्याबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी पहिली तीन आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अत्यावश्यक आहे. तेथे गेलेला विलंब पुढे कोणत्याही उपायाने भरून निघेलच असे नाही. ताप किंवा वजन घटणे या लक्षणांमागे मणक्याचा क्षयही असू शकतो.

ही लक्षणे ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहिणे, हे काम खर्चाचे नाही. पंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांनी ते मनावर घेतल्यास अनेक कष्टकरी कुटुंबांतील कर्ती माणसे कायमच्या अपंगत्वापासून वाचू शकतील.