शब्द आले, वाक्यं राहिली



आज सकाळी तुमच्यापैकी कुणी बटाटा चिरला असेल, कुणी कोबी, कुणी परातीत कणीक मळली असेल, कुणी कोपऱ्यावरून पाव आणला असेल. बटाटा, कोबी, परात, पाव हे चारही शब्द पोर्तुगीज. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. राज्य गेलं, शब्द आपल्या फडताळात राहिले. पण वाक्यं मराठी घरात कधी आलीच नाहीत. ती आता आपण शिकायची आहेत, आणि ती आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

लिस्बनच्या कॉफीच्या दुकानात ‘मला कॉफी पाहिजे’ असं थेट म्हणण्यापेक्षा ‘किरीआ उँ कफे, पुर फवोर’ म्हणतात. ‘किरीआ’ हे भूतकाळी रूप. आपणही दुकानात अदबीनं ‘जरा साखर हवी होती’ असंच म्हणतो. दोन्ही भाषांनी मागणीची धार बोथट करायला भूतकाळच वापरला.

दुसरं वाक्य कौतुकाचं. पोर्तुगीजमध्ये ‘आहे’साठी दोन क्रियापदं आहेत. ‘अ सोपा ए बोआ’ म्हणजे इथलं सूप चांगलं असतं. ‘अ सोपा श्ता बोआ’ म्हणजे सूप छान झालंय. यजमानीणबाईंनी समोर वाढलेल्या ताटाला दुसरं वाक्य शोभतं. ‘असतं’ आणि ‘झालंय’ यांतला फरक कळणाऱ्या मराठी माणसाला हा धडा अर्धा आधीच येतो.

तसेच आभार. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’. बोलणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो, जसा आपल्याकडे ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवले’.

पाककृतीतही ओळखीचे चेहरे भेटतात. कांदा-लसूण ऑलिव्ह तेलात परततात, त्याला ‘रेफुगादु’ म्हणतात. पुष्कळ पदार्थांची सुरुवात तिथूनच. ‘लूम ब्रांदु’ म्हणजे मंद आच. मिठापुढे वजनाऐवजी ‘क्वांतु बाश्त’ लिहितात, म्हणजे पुरेल तितकं. आपलं ‘चवीनुसार’ दुसरं काय सांगतं? आलेंतेजू प्रांतात शिळ्या पावाची ‘असोर्दा’ करतात. तिच्यात लसूण, ऑलिव्ह तेल, गरम पाणी, अंडं आणि भरपूर कोथिंबीर असते. कोथिंबिरीला तिथे ‘कुएंत्रुश’ म्हणतात.

सावध राहायचं ते ओळखीच्या शब्दापाशी. आपण ‘पाव’ म्हटलं, तर तिथे ‘पाउ’, म्हणजे काठी, ऐकू येण्याचा संभव आहे. ब्रेडसाठी स्वर नाकातून काढावा लागतो: ‘पाँउ’. शब्द चारशे वर्षं आपल्या घरात राहिला आणि नाकातला सूर विसरला. आणखी एक: न्याहारीला पोर्तुगालमध्ये ‘पिकेनु अल्मोसु’, म्हणजे छोटं जेवण म्हणतात, ब्राझीलमध्ये मात्र सकाळची कॉफी, ‘कफे द मन्यां’.

म्हणून माझी विनंती आहे. शब्दांच्या याद्या पाठ करू नका. उद्या स्वयंपाक करताना तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा: भूक लागल्यावर ‘तेन्यु फॉम’, पहिला घास घेतल्यावर ‘श्ता बों’, आणि ज्यानं रांधलं त्याला ‘ओब्रिगादु’ किंवा ‘ओब्रिगादा’. परक्या घरी पाहुणा म्हणून जेवायला एवढी शिदोरी पुरेशी आहे.