वाहकाच्या अंतरंगातील शांतता



इ. स. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १२ फुटी चौकोनी खोली उभारली. लाकडी सांगाडा, त्यावर तांब्याची तार व कथलाचा वर्ख. यंत्राने तिच्यावर विद्युतभार चढविला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत फॅरडे पेटत्या मेणबत्त्या व विद्युन्मापके घेऊन निश्चिंत! कशावरही यत्किंचित परिणाम झाला नाही.

सजातीय भार परस्परांना दूर लोटतात आणि वाहकाच्या बाह्य पृष्ठावरच स्थिरावतात. आतील क्षेत्र शून्य होते. विभव मात्र शून्य नसते, ते सर्वत्र समान असते. उतारच नसेल तर पाणी वाहणार कसे?

विजा कडाडताना धातूच्या टपाच्या बंद मोटारीतील मनुष्य याच कारणाने सुरक्षित राहतो. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. झाडाखाली आडोसा घेणाऱ्यास असे कवच नसते. रबरी चाकांना दिले जाणारे श्रेय मात्र अनाठायी आहे.