देवघेव टेबलावरचा माणूस



ग्रंथालय-तंत्रज्ञ आणि मुक्त प्रवेशाची नियतकालिके चालवणारे प्रकाशक यांच्या या संयुक्त परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल आभार. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांनी हे सभागृह दिले, जेवणाची व्यवस्था केली, संगणकांना जोडण्या करून दिल्या. त्यांचे ऋण मानतो. विद्यापीठाचे आवार सोडून परिषद एमआयडीसीत घ्यायची, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला, असे कळले. निर्णय योग्य झाला. का, ते पुढे सांगतो.

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती पाळतो. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची एक राष्ट्र एक वर्गणी योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिके आणि सुमारे 6,300 सरकारी संस्था, असा तिचा पसारा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर सोपवली. बोगस नियतकालिकांचा बंदोबस्त आता कोण करणार, यावर उद्या स्वतंत्र सत्र आहे. शोधगंगेवर प्रबंध चढत आहेत. कोहा, ई-ग्रंथालय, सोल या ग्रंथालय-प्रणालींच्या नव्या आवृत्त्या आल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेवर तर या परिषदेत इतके निबंध आहेत की मी त्यात भर घालत नाही.

आढावा इथे थांबवतो. ही माहिती तुम्हा सर्वांकडे आहे. मला जे बोलायचे आहे ते मी अनेक परिषदांमध्ये श्रोत्यांत बसून मनात घोळवले आहे, आणि आज ध्वनिक्षेपक हातात आहे. माझी तक्रार एकच आहे. आपल्या परिषदांना काम करणारा माणूस सहसा नसतो. ग्रंथालयाची प्रणाली जो रोज चालवतो, दाखल नोंदवहीतून एकेक पुस्तक संगणकात चढवतो, बारकोड चिकटवतो, संध्याकाळी बॅकअप घेतो, तो ग्रंथालय सहायक किंवा परिचर सभागृहात नसतो. नियतकालिकाची पाने जो लावतो तो डीटीपी ऑपरेटर नसतो. त्यांच्या कामावर निबंध वाचणारे आपण सगळे मात्र असतो.

एक उदाहरण देतो. 2011 साली कोहाचे जागतिक संमेलन ठाण्याला भरले होते. विद्या प्रसारक मंडळाने ते घेतले, 31 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर. आदल्या वर्षी ते वेलिंग्टनला झाले होते, पुढच्या वर्षी एडिंबराला. मधला मान आपल्या ठाण्याला मिळाला, ही महाराष्ट्राच्या ग्रंथालय क्षेत्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे आणि आपण ती फारशी सांगत नाही. त्या संमेलनाची रीत अशी की आधी व्याख्याने होतात, आणि मग पुढचे दिवस प्रणाली लिहिणारे आणि वापरणारे एकाच टेबलाशी बसून दोष काढतात, दुरुस्त करतात. त्याला ते हॅकफेस्ट म्हणतात.

मी तेव्हा जालन्यातल्या ज्या महाविद्यालयात होतो तिथे कोहा चालवण्याचे सगळे काम एका सहायकाच्या अंगावर होते. शिक्षण बारावी आणि ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, एवढेच. लिनक्सच्या आज्ञा त्याने वहीत उतरवून पाठ केल्या होत्या. त्याने ठाण्याला जाण्यासाठी कार्यरजा मागितली. उत्तर आले, शिक्षकेतर कर्मचाऱ्याला परिषदेसाठी रजा देण्याची प्रथा नाही. त्याच्या जागी एका प्राध्यापकांना पाठवले. त्यांना पदोन्नतीच्या फायलीसाठी आंतरराष्ट्रीय संमेलनाचे प्रमाणपत्र हवे होते. मी स्वखर्चाने गेलो. निघताना त्या सहायकाने एक चिठ्ठी माझ्या खिशात घातली. तिच्यावर लिहिले होते: मराठी शीर्षक पूर्ण टाइप केले तरी शोधात सापडत नाही, काना-मात्रा सोडून भलतीच पुस्तके येतात.

टेबलाशी बसलेल्या एका प्रोग्रामरला मी ती अडचण सांगितली. तो म्हणाला, तुमची झेब्रा अनुक्रमणी सीएचआर पद्धतीने चालते की आयसीयू पद्धतीने? मी ग्रंथपाल होतो, पण ते मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या फायली उघडणारा हात माझा नव्हता. मी जालन्याला फोन लावला. देवघेव टेबलावर पोरांची रांग होती. त्या सहायकाने रांग सांभाळत फाइल उघडली आणि सांगितले, सीएचआर. प्रोग्रामर म्हणाला, आयसीयू करा आणि सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधा. देवनागरीसाठी तेच लागते. ग्रंथालय बंद झाल्यावर सहायक त्या कामाला बसला. दुसऱ्या दिवशी मराठी पुस्तके मराठीत सापडू लागली. त्या संमेलनाचा आमच्या महाविद्यालयाला झालेला खराखुरा लाभ एवढा एक, आणि तो मिळवणारा माणूस जालन्यातून हललासुद्धा नव्हता. तो त्या टेबलाशी असता तर आणखी किती प्रश्न सुटले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

आपल्या क्षेत्रात प्रणालीवरून मोठे वाद आहेत. कोहा मुक्त आहे म्हणून चांगले, ई-ग्रंथालय सरकारी आहे म्हणून स्वस्त, सोल महाविद्यालयांना सरावाचे. या वादात मी वर्षानुवर्षे बाजू ऐकल्या. माझे मत मी एका तालुक्याच्या ग्रंथालयात बनवले. तिथे काही वर्षांत तीन प्रणाली आल्या. दरवेळी नोंदीमागे दर ठरवून बाहेरच्या एजन्सीला काम दिले. एजन्सीच्या मुलांनी एकाच लेखकाचे तीन लेखक केले. एक देशपांडे पु. ल., दुसरे पु. ल. देशपांडे, तिसरे रोमन लिपीतले. वाचकाला निम्मी पुस्तके दिसेनात. प्रणाली तिन्ही चांगल्या होत्या. बिघाड नोंदींत होता, आणि तो ओळखणारी बाई रोज टेबलावर बसून पुस्तके देत होती. तिला कपाट तोंडपाठ होते. तिला कुणी विचारले नाही. म्हणून कोणती प्रणाली सरस, हा प्रश्न मला कुणी विचारला की मी उलट विचारतो, चालवणार कोण आणि त्याला कुठे पाठवणार?

सहकारी म्हणतात, सहायकांसाठी प्रशिक्षण वर्ग असतात, परिषद वेगळी. हा भेद मला मान्य नाही. या जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या गावागावांत भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे प्लॉट आहेत. शेडनेटमध्ये बाया एकेका फुलावर हाताने परागीकरण करतात. तो हात चुकला तर अख्खा लॉट बाद. म्हणून कंपनीचा अधिकारी चर्चा करायची तर प्लॉटवर येतो आणि त्या बायांना विचारतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये याच शहरात महिको उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा हा धंदा शेतात उभा राहिला आहे. परिषद एमआयडीसीत घेतली हे योग्य झाले असे मी म्हणतो, ते यासाठी. इथल्या लोकांना कामगाराला वगळून कामाची चर्चा करायची सवय नाही.

काम करणाऱ्याला वगळणे आपल्या परंपरेतही बसत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांसाठी आणले. बॉर्डननी दुसऱ्याच वर्षी ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी वर्ग काढला; भारतातले ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण तिथून सुरू होते. पुढे बडोद्याहून ग्रंथालयांचे एक नियतकालिक निघाले, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. शतकापूर्वी व्यावसायिक नियतकालिक मराठीतही निघत होते, कारण कारकुनाने ते वाचावे ही अपेक्षा होती. आज आपल्या परिषदेची निवेदने इंग्रजीत निघतात आणि तालुक्याच्या वाचनालयातली मुलगी ती न वाचताच बाजूला ठेवते.

आता प्रकाशक मित्रांकडे वळतो. 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून मुक्त प्रवेशाची चर्चा चालू आहे. लेखकाकडून पैसे घ्यावेत की न घ्यावेत, परवाना कोणता, डीओआय कोणी घ्यावा. हे प्रश्न खरे आहेत. पण मराठवाड्यातल्या एका मराठी त्रैमासिकाची हकीकत ऐका. संपादकांनी नियतकालिक ऑनलाइन चालवण्याची ओजेएस प्रणाली बसवली, सगळे अंक विनामूल्य ठेवले, समारंभ झाला. वर्षभर एकही लेख कुठल्याही शोधयंत्रात सापडला नाही. मला बोलावले. मी पीडीएफमधली एक ओळ उचलून कोऱ्या पानावर टाकली, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल आला. अंक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात लागले होते. डोळ्यांना मराठी दिसत होते, यंत्राला दिसत नव्हते. अंक लावणारा ऑपरेटर गांधी चमनजवळच्या एका दुकानात लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके लावायचा. त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, कन्व्हर्टर माझ्याकडे आहे, युनिकोडमध्ये करून दिले असते, फक्त रफार आणि जोडाक्षरे तेवढी तपासावी लागतात. पण मला सांगितले होते अंक छापील अंकासारखाच दिसला पाहिजे. त्याने चार अंक माझ्यासमोर बदलले. ‘ऱ्’ जिथे जिथे तुटत होता तिथे त्याने हाताने दुरुस्त केला, आणि दुरुस्त करताना मला समजावूनही सांगितले. मुक्त प्रवेशावरच्या कुठल्याही व्याख्यानात मी इतके शिकलो नाही. या राज्यात मराठी संशोधनाची कितीतरी पाने अशी फुकट असूनही बंद पडून आहेत, आणि ती उघडण्याची कळ अशा दुकानांत आहे.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आपल्या परिषदांचे निबंधखंड आयएसबीएन घेऊन छापले जातात, सहभागींना पिशवीतून दिले जातात आणि कपाटात जातात. मुक्त प्रवेशाचे निबंध बंद खंडात छापणे मला पटत नाही. या परिषदेचे निबंध पहिल्या दिवसापासून सर्वांना उतरवून घेता यावेत, युनिकोडमध्ये, अशी सूचना मी सचिवांना दिली आहे.

खर्च कुठून येणार, असे विचारले जाते. नोंदणी शुल्क भरणारे प्राध्यापक आले नाहीत तर परिषद उभी कशी राहणार? प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांवाचूनही परिषद उभी राहते, हे दाखवणारा या जिल्ह्याचा एक इतिहास सांगतो. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. गश्ती 53 हे परिपत्रक त्यासाठीच होते. त्या काळात 1937 साली हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आपल्या जिल्ह्यातल्या परतूरला भरले, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. तिथे जमलेल्यांना जमण्याने पदोन्नती मिळणार नव्हती. झालाच तर त्रास होणार होता. आपल्याला आज कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती फक्त एका सहायकाच्या रजेच्या अर्जावर प्राचार्यांची सही, आणि ती सही आपण मिळवू शकत नाही. हे मला खरोखर लागते. प्राचार्य आपल्यातलेच आहेत, संस्थाचालक आपल्या ओळखीचे आहेत, ग्रंथालय संघाचे पदाधिकारी याच सभागृहात बसले आहेत.

तेव्हा येत्या वर्षात काय करायचे ते सांगतो. पुढच्या परिषदेच्या निम्म्या जागा सहायक, परिचर, डेटा एंट्री करणारे आणि नियतकालिके लावणारे यांच्यासाठी राखून ठेवाव्यात; त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये. कार्यरजेसाठी शासनाकडे आणि विद्यापीठांकडे निवेदन द्यावे. मसुदा एक समिती करील. जुन्या फाँटातले अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम जिल्हावार वाटून घ्यावे; कसे, ते प्रकाशक मित्रांनी ठरवावे. निधीचा विषय कार्यकारिणीपुढे ठेवतो. इथल्या उद्योजकांशी मी प्राथमिक बोललो आहे.

उद्या सकाळच्या सत्राचा कार्यक्रम मी बदलून घेतला आहे, तो आत्ताच जाहीर करतो. दहा वाजता निबंधवाचन होणार नाही. या सभागृहात तालुक्यांच्या वाचनालयांतून आणि महाविद्यालयांतून आलेले काही सहायक आहेत. मागच्या रांगांत बसले आहेत, मला इथून दिसतात. त्यांनी आपापल्या प्रणालीतली अडलेली गोष्ट घेऊन यावी. संगणक जोडलेले आहेत. बॅकअपची प्रत आणली असेल तर फार उत्तम. बोलायला मराठी चालेल, हिंदी चालेल, उर्दू चालेल. प्राध्यापक मंडळींनी शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि ऐकावे. नावे आज रात्रीच्या जेवणाआधी सचिवांकडे द्यावीत.