वईपलीकडली चेटकीण

(डिचोलीतील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय जाहीर झाला आणि मला फोन यायला लागले. एकाने विचारलं, युरोपातल्या चेटकिणींशी आमचा काय संबंध? दुसऱ्याने सुचवलं, त्यापेक्षा इन्क्विझिशनवर बोला. इन्क्विझिशनवर मी फार बोलणार नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, ती धर्मन्यायाची कचेरी गोव्यात होती. अ. का. प्रियोळकरांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. सप्तकोटीश्वर देव दिवाडीहून नार्व्याला का आले, हे डिचोलीकरांना मी काय सांगणार!

माझं म्हणणं एकच आहे. चेटकीण ठरवतो तो शेजारी. पाद्री, न्यायाधीश, कचेऱ्या हे सगळे मागाहून येतात.

युरोपात साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत ४० ते ६० हजार माणसं चेटकाच्या आरोपावरून मारली गेली. चारांतल्या तीन बायका होत्या. आइसलँडसारख्या ठिकाणी मात्र बहुतेक पुरुष. आरोप कसले, तर गाईचं दूध आटलं, लोणी निघेना, मूल दगावलं. आणि सर्वांत जास्त माणसं कुठे मेली? जिथे न्यायाधीश, साक्षीदार आणि आरोपी एकाच मुलखातले होते, तिथे. स्पेनमध्ये १६१० साली लोग्रोन्योला सहा जणांना जाळलं. त्यानंतर सालाझार नावाचा इन्क्विझिशनचाच अधिकारी, हे आरोपी जिथले होते त्या डोंगराळ भागात हिंडला. अठराशे जणांचे जबाब त्याने घेतले, त्यांतली तेराशेहून जास्त तर मुलंच. चेटकिणींची म्हणून आणलेली मलमं जनावरांवर लावून पाहिली, काही झालं नाही. चेटकाची चर्चा सुरू झाली तिथेच चेटकिणी निघाल्या, असा अहवाल त्याने दिला आणि १६१४ मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने चेटकाच्या पुराव्याचे नियम कडक केले...

(मागून आवाज: "म्हणजे इन्क्विझिशन बरी होती?")

नाही हो, नाही. रागावू नका. गोव्यातल्या त्या कचेरीची वकिली मी करणार नाही. १६७६ च्या जानेवारीत शिक्षा झालेल्यांची जी मिरवणूक इथे निघाली, तिच्यात शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य स्वतः कैदी म्हणून चालत होता. त्या दिवशी जाळलेल्या दोघांवर, इथल्याच एका पुरुषावर आणि एका बाईवर, जादूटोण्याचा आरोप होता, असं त्याने लिहून ठेवलंय. कचेरीला म्हशीच्या दुधाशी कर्तव्य नव्हतं. बाटलेला माणूस जुन्या देवाकडे, जुन्या औषधाकडे वळला की तिच्या लेखी तो चेटक्या.

पण डिचोली पोर्तुगीजांकडे गेली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखात, लोकांचे देवधर्म राखण्याचं वचन होतं. जुन्या काबिजादींनी सोसलं ते आपल्या या दोन तालुक्यांनी सोसलेलं नाही. तेव्हा आपल्याकडे एखादी म्हातारी चेटकीण ठरली, तर ते फिरंग्याच्या माथी मारता येत नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. कीथ थॉमस या इंग्रज इतिहासकाराचं चेटकावरचं मोठं पुस्तक आलं १९७१ मध्ये. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरी. वईपलीकडे, म्हणजे कुंपणापलीकडे, काकी राहायची. एकटी, विधवा, आमची मुंडकार. खोपटं आमच्याच भाटात. रोज सकाळी दहाच्या सुमाराला वईशी यायची, "मातशी पेज आसा गे?" म्हणायची आणि आई वाडगा भरून द्यायची. त्या वर्षी वायंगणाचं पीक हाती लागलं नाही. घरात खाणारी तोंडं अकरा. एके दिवशी आईने सांगितलं, आज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकी "बरां" म्हणाली आणि परतली. आईला मात्र वाटलं, ती आणखी काहीतरी पुटपुटली. आठ दिवसांत म्हैस आटली.

घाड्याला, म्हणजे देवाचा कौल सांगणाऱ्याला, बोलावलं. त्याने तांदूळ मांडले आणि सांगितलं, उत्तरेकडची नजर.

(श्रोत्यांतून: "आमचो घाडी तसो न्हय!" हशा)

नसेलच. आमच्या घाड्यालाही मी दोष देत नाही. त्याने फक्त दिशा सांगितली होती. उत्तरेला चार घरं होती. नाव घरातल्यांनी भरलं, आणि ज्या घराला आपण पेज नाकारली होती त्याच घराचं भरलं. थॉमसने आणि त्याचा विद्यार्थी मॅकफार्लेनने इंग्लंडच्या जुन्या खटल्यांत नेमकं हेच पाहिलं. दारी आलेल्या म्हातारीला हात हलवत पाठवायचं; मग मन खातं, आणि त्याच मनाला तिची भीती वाटू लागते. माझी आई दुष्ट नव्हती. ती घाबरली होती.

काकीच्या विहिरीवर जाणं बंद झालं. पोरांनी दगड मारले. मीही मारला. पाऊस सुरू होण्याआधी ती सावंतवाडीला भाचीकडे गेली आणि परत आली नाही. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून गोव्यात कायदा झाला १९७५ मध्ये. तोवर ती राहिली असती तर ते खोपटं तिच्या हक्काचं झालं असतं. त्या जोत्यावर आज आमचे काजू आहेत.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. पालघरकडच्या भुताळी, नंदुरबारच्या डाकिणी, महाराष्ट्राचा जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा, सगळं राहिलं. पण एका बाईचं नाव घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आन्ना ग्योल्डी, स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची मोलकरीण. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७८२ मध्ये, तलवारीने तिचं डोकं उडवलं. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया घातल्या, हा आरोप. मालक गावातला वजनदार वैद्य. ग्लारुसच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं ते २००८ मध्ये, २२६ वर्षांनी.

काकीवर खटला चालला नाही, म्हणून तिला निर्दोष ठरवणारी कचेरीही नाही. ज्या घराने नाव घेतलं त्याच घराने ते परत घ्यायला हवं. माझी दोन्ही भावंडं समोर बसली आहेत, त्यांच्यादेखत सांगतो: काकीने आमच्या म्हशीला काही केलं नव्हतं.