प्रवासाचे तास कोणाच्या खात्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



शहापूर, मुरबाड, कर्जत, पालघर या तालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा बारावी किंवा आयटीआय झालेला तरुण असतो. तालुक्याच्या गावी एखाद्या गोदामात वा लहान कारखान्यात, घराजवळ, त्याला काम मिळालेले असते. आणि त्याच वेळी मुंबईत दीडपट पगाराची दुसरी नोकरी चालून आलेली असते. ‘घेऊ का?’ एवढाच त्याचा प्रश्न. कार्यकर्ता आपल्या स्वभावानुसार ‘घे’ किंवा ‘नको घेऊस’ असे सांगून मोकळा होतो. वस्तुतः हा प्रश्न मजुरीचा आहे आणि चळवळीने तो मजुरीचा प्रश्न म्हणूनच हाताळावयास हवा.

प्रथम साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील आकडे घालून तो पुन्हा करावा. शहापुरातील नोकरीचा पगार १२,००० रुपये आहे, दिवसाचे काम आठ तास आणि जाण्यायेण्यास एक तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर २३४ तास होतात आणि तासाला सुमारे ५१ रुपये पडतात. वरळीतील नोकरीचा पगार १९,००० रुपये. घरापासून आसनगाव स्थानकापर्यंत जीप, तेथून दादरपर्यंत लोकलचे जवळजवळ दोन तास, दादरला उतरून पुन्हा बस. जाण्यास पावणेतीन आणि येण्यास पावणेतीन, म्हणजे साडेपाच तास. पास, जीप, बस आणि बाहेरचे खाणे यांचे २,५०० रुपये वजा केले की हाती १६,५०० उरतात. तास होतात ३५१. तासाचा दर ४७ रुपये! दीडपट पगाराची नोकरी तासाच्या भावाने पाहता स्वस्त पडते. हाती जास्तीचे ४,५०० रुपये येतात आणि त्यासाठी ११७ तास जास्तीचे मोजावे लागतात. या जादा तासांचा भाव ३८ रुपयेच आहे.

अर्थशास्त्राचा एखादा प्राध्यापक येथे थांबेल आणि वरळीची नोकरी घेणारा तरुण अविचारी आहे असा निष्कर्ष काढील. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. कारण त्या ११७ तासांना शहापुरात दुसरे गिऱ्हाईक नाही. वेळ वाचला म्हणून वाण्याचे बिल भागत नाही, शाळेची फी भरली जात नाही. शिवाय मुंबईच्या नोकरीत भविष्यनिर्वाह निधी असण्याचा संभव अधिक, बढतीची वाट थोडी का होईना उघडी. तो तरुण हिशेबात पक्का असतो. त्याच्यापुढे मांडलेले दोन पर्यायच खोटे असतात. ज्या व्यवस्थेने शहापुरात रोजगार उभा केला नाही आणि वरळीत त्याला परवडणारे घर ठेवले नाही, तिने निवड आधीच करून ठेवलेली असते. त्याने फक्त सही करावयाची.

शहापूर तालुक्याचेच पाहावे. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे या परिसरात आहेत आणि मुंबईच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः येथूनच जाते. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी जलवाहिनीतून जाते आणि पाठोपाठ पहाटेच्या लोकलने माणसे जातात. मुंबईने या मुलखाकडून दोन्ही घेतले. मोबदल्याचा विचार मात्र कोणी केला नाही.

मुंबईचा कामगार पूर्वीपासून एवढ्या लांबून येत होता काय? गिरणगावाची रचना तशी नव्हती. परळ, लालबाग, वरळी, नायगाव येथील चाळींतून माणूस भोंगा ऐकून पायी गिरणीत पोहोचत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक, गावी राहिलेली बायकामुले, खानावळीचे जेवण ही त्याची दुसरी बाजू होती. कोकणातल्या घरी वर्षातून एकदा जाणे हाच त्या कामगाराचा खरा लांबचा प्रवास होता. तथापि कामाची जागा आणि राहण्याची जागा यांत चालण्याचे अंतर असणे, ही गोष्ट त्याला पगाराव्यतिरिक्त मिळालेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाची शोकांतिका सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग घरांसाठी व मोकळ्या जागांसाठी राखण्याचे ठरविले होते. २००१ च्या बदलाने तो वाटा आक्रसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. जमिनीवर मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांच्या दारावर पहारा करणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, कचेऱ्या झाडणारा माणूस आता आसनगाव, वांगणी, नालासोपारा येथून येतो. कित्येकदा तो त्याच गिरणीतल्या कामगाराचा मुलगा किंवा नातू असतो.

गिरणी कामगारांच्या वारसांना घरे देण्याची भाषा सरकारने केली तेव्हा जागा दाखविली ती वांगणीची आणि शेलूची, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडची. ९ जुलै २०२५ रोजी हे लोक आझाद मैदानावर जमले आणि घर मुंबईतच हवे असे त्यांनी सांगितले. काही शहाण्या माणसांना तो हट्ट वाटला. घर तर घर, कोठेही असो, असे त्यांचे म्हणणे! ज्यांनी आयुष्यात सकाळी सातची लोकल पकडलेली नाही त्यांना असे म्हणणे सोपे जाते.

शहराची वाढ अन्य मार्गाने होऊ शकत होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. तिचा गाभा असा की, नुसती घरे पलीकडे नेऊन उपयोग नाही, रोजगारही पलीकडे गेला पाहिजे आणि सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. १९७० साली सिडको स्थापन झाली. परंतु त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे चढत होते, आणि मंत्रालय होते तेथेच राहिले. मानखुर्द-वाशी रेल्वेपूल प्रवाशांना खुला झाला तो १९९२ मध्ये. नव्या मुंबईत घरे झाली, पुढे कचेऱ्याही आल्या; पण सरकारने आपले बिऱ्हाड हलविले नाही, म्हणून इतरांनीही हलविले नाही. दक्षिणेकडे जाणारी सकाळची गर्दी आहे त्या दिशेने आजही वाहते.

आता कामाच्या तासांकडे वळावे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन साप्ताहिक सुटीची मागणी केली. रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. १९२२ मध्ये तो ११ झाला, १९३४ मध्ये १०, १९४६ मध्ये ९ आणि आठवड्याचे ४८ तास ठरले. एकेका तासासाठी तुरुंगवास झाले, संप झाले, माणसे बडतर्फ झाली. आणि आज आसनगावचा माणूस घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत साडेतेरा तास देतो. जेवणाची सुटी धरली तर चौदा. कारखान्याच्या फाटकाच्या आत जे कमावले ते फाटकाबाहेर रुळांवर गेले. अशा स्थितीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दिवस ९ ऐवजी १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील असे समर्थन केले जाते. परंतु बारा तासांत साडेपाच मिळविले की दिवसाचे साडेसतरा होतात. उरलेल्या साडेसहा तासांत माणसाने जेवायचे, झोपायचे आणि मुलांना ओळखही द्यायची.

स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर आहे. ती पहाटे चारला उठते, डबे करते, मग गाडी गाठते; परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या बायका हे मुंबईचे कौतुकाचे दृश्य मानले जाते, वास्तविक ती चालत्या डब्यात सुरू झालेली तिची दुसरी पाळी असते. आणि नोकरीवर पुरुष गेला तरी त्याचे साडेपाच तास घरात कोणीतरी भरून काढतेच. पाणी आणावयाचे, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, धाकट्यांना सांभाळायचे. ते काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते आणि तिची शाळा मागे पडते. पगाराच्या चिठ्ठीत या मुलीचे तास कोठेही दिसत नाहीत.

जिवाचे मोल याहून वेगळे. करोनाची वर्षे वगळता मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या, एक कसाऱ्याकडे जाणारी व दुसरी कर्जतहून येणारी, एकमेकींजवळून गेल्या आणि दारांत लटकलेले प्रवासी खाली कोसळले. त्याच दिवशी चार जण दगावले. नंतर बंद दारांच्या गाड्यांची चर्चा झाली. माणसे दारात लटकतात ती हौसेने असा समज त्या चर्चेत डोकावत होता. हजेरीची वेळ ठरलेली आहे, उशिराला पगार कापला जातो, आणि पुढची गाडीही तितकीच भरलेली येणार आहे, या गोष्टींना बंद दार काय करणार?

प्रवास हा कामाचाच भाग आहे, असे म्हणण्यात काही क्रांतिकारक नाही. न्यायालयांनी ते अडखळत का होईना मान्य केलेले आहे. १९५७ साली बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात आपली बस लावून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला असता अपघातात सापडला व मरण पावला. काम संपले होते म्हणून भरपाई नाही, अशी उपक्रमाची भूमिका होती; १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती फेटाळली. पुढे १९९६ मध्ये कारखान्यापासून एक किलोमीटरवर जखमी झालेल्या कामगाराला त्याच न्यायालयाने राज्य विम्याचा लाभ नाकारला. २०१० मध्ये संसदेने राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम घालून घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघात नोकरीतील अपघात ठरविला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद स्वीकारली. आपल्याकडचेच उदाहरण घ्यावयाचे तर उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी जाताना रस्त्यात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला २०२५ च्या जुलैमध्ये. बावीस वर्षे! विमा कंपनीला एवढा धीर धरता येतो. विधवेला तो धरावाच लागतो.

म्हणजे या वाटेवर माणूस मेला तर तो कामावर होता. जिवंत पोहोचला तर ते साडेपाच तास त्याचे खासगी. ही विसंगती मालकवर्गाला सोयीची आहे, आणि कामगार संघटनांनीही तिला क्वचितच हात घातला आहे. मागण्यांच्या मसुद्यात महागाई भत्ता असतो, बोनस असतो; प्रवासाचा वेळ नसतो. केंद्र सरकार आपल्या कायम कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता देते, म्हणजे तत्त्व मान्य आहे. त्याच कचेरीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला तो मिळत नाही, आणि बहुधा सर्वांत लांबून तीच येते. फ्रान्सने १९७१ पासून पॅरिस परिसरातील मालकांवर सार्वजनिक वाहतुकीसाठी वेतनाच्या प्रमाणात खास कर बसविला, पुढे तो इतर शहरांतही नेला. आणि पासाचा निम्मा खर्च तेथे मालकाला द्यावा लागतो. मुंबईत मात्र रेल्वेच्या स्वस्त पासाकडे प्रवाशावरचे उपकार म्हणून पाहिले जाते. त्या पासामुळे स्वस्त मजूर शंभर किलोमीटरवरून आयता दारात येतो, हा लाभ कोणाचा, हे विचारले जात नाही.

‘घेऊ का?’ म्हणणाऱ्या तरुणाला उत्तर द्यावेच लागेल. नोकरी घे असे सांगताना, वरळीच्या त्या आस्थापनेत संघटना आहे काय, उशिराची कपात किती, पाळी बदलून मिळते काय, एवढे तरी कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर बसून तपासावे. आणि घरच्या बाजूला काम आहे ते तालुक्यातच करण्याजोगे आहे. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. साध्या प्रवाशाच्या पाठीचा विचार धोरणात बसू शकतो, हे तेव्हा दिसले. एस.टी.चे वेळापत्रक त्याहून पुष्कळ लहान गोष्ट आहे. स्थानकातून गावाकडे जाणारी शेवटची गाडी पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या लोकलची वाट न पाहता सुटते, आणि मग जीपवाला सांगेल ते भाडे देऊन नाही तर अंधारात पायी जावे लागते. कोणती लोकल, किती माणसे, कोणती गावे याची पंधरा दिवसांची नोंद स्थानकावर उभे राहून करता येते. ती नोंद आणि प्रवाशांच्या सह्या घेऊन आगारप्रमुखांकडे जावयाचे. वेळ बदलली नाही तर पुन्हा जावयाचे, तेव्हा प्रवाशांनाच बरोबर न्यावयाचे. आसनगाव, वांगणी, सफाळे येथे या महिन्यापासूनच आरंभ करता येईल.